ताबा आणि त्याची बजावणी

जमीन कोणाची, हा एक प्रश्न. ती कोणाच्या ताब्यात आहे, हा दुसरा. खेड्यापाड्यांतून हे दोन्ही प्रश्न एकच समजले जातात आणि पुष्कळशा कज्ज्यांचे मूळ तेथेच असते.

स्वतः नांगर धरणाऱ्याचा ताबा प्रत्यक्ष असतो. घर भाड्याने दिलेल्या मालकाचाही ताबा, भाडेकरूमार्फत का होईना, कायदा मानतो. राखणदार मात्र कितीही वर्षे राहिला तरी मालकाच्या वतीनेच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातील एका घराच्या वादात स्पष्ट केले. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते. परंतु तिने मालकी निर्माण होत नाही.

एखाद्याला बळजबरीने हुसकावले, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावावा. तेथे मालकी सिद्ध करावी लागत नाही. सरकारविरुद्ध मात्र हा मार्ग नाही.

दाव्याचे समन्स प्रतिवादीस न मिळाल्यास घरातील प्रौढ व्यक्तीस, स्त्री असो वा पुरुष, देता येते. नोकरास दिलेले चालत नाही. समन्स घेण्याचे नाकारल्यास बेलीफ ते बाहेरील दारावर चिकटवितो. म्हणून कागद न घेतल्याने दावा थांबतो, हा समज घातक आहे. त्यायोगे निकाल एकतर्फी होण्याचा संभव मात्र वाढतो.

हुकूमनाम्यानंतर ताबा दोन प्रकारे दिला जातो. प्रतिवादी स्वतः राहत असेल, तर त्यास हलवून प्रत्यक्ष ताबा देतात. जरूर पडल्यास, योग्य सूचना देऊन, कुलूपही तोडता येते. हुकूमनाम्याने न बांधलेले कूळ जमिनीवर असेल, तर वॉरंटाची नक्कल ठळक जागी लावून दवंडी पिटतात. हा लाक्षणिक ताबा होय. त्याने कुळाला उठविता येत नाही.

येथेच पंचांची जबाबदारी येते. शेतात कूळ उभे असता 'प्रत्यक्ष ताबा दिला' अशा पंचनाम्यावर, तो न वाचता, सही झाली, तर एका कुटुंबाची वहिवाट कागदावरून पुसली जाते. म्हणून पंचाने जागेवर जावे, चतुःसीमा पाहाव्यात, तेथे कोण वहिवाटतो ते लिहवून घ्यावे आणि मगच सही करावी. गावचा शिक्षक वा पंचायत सदस्य एवढे करील, तर पुढची कित्येक वर्षांची कोर्टकचेरी टळेल.