वहीवर नाव कोणाचं?

(जळगाव-धुळे जिल्ह्यांतील गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा भाग)



बचत गटाची पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे. हिशेबाची वही कोणा बाईकडे पहिल्याच दिवशी जात नाही. वर्षभर ती वेळेवर येते, बेरीज चुकली तर स्वतःहून सांगते, मग गट म्हणतो, वही आता तुझ्याकडे. आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे ते संगणकातलं, पण रीत हीच.

आमच्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर ‘डेबियन’ नावाची प्रणाली चालते. इयन मरडॉक या तरुणाने १९९३ मध्ये ती सुरू केली. नावात त्याच्या मैत्रिणीचं, डेब्राचं नाव आधी आणि त्याचं नंतर. (बाईचं नाव आधी लागलं, बायका आत यायला मात्र बरीच वर्षं गेली!) ती विकत घ्यावी लागत नाही, आतलं लिखाण कोणीही वाचावं, दुरुस्त करावं. तिच्यात हजारो लहानमोठे प्रोग्रॅम असतात. प्रत्येकाचं गाठोडं, म्हणजे पॅकेज, कोणीतरी बांधून सांभाळतं. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की आणायची, परवाना तपासायचा, दुसऱ्या गाठोड्याशी भांडण होत नाही ना बघायचं, तक्रारी वाचायच्या, फट सापडली तर बुजवायची. केलं तर दिसत नाही, राहिलं तर सगळ्यांना दिसतं. आपल्याला हे नवीन आहे का?

नवख्या व्यक्तीला स्वतः काही चढवता येत नाही. तिचं पॅकेज एखादा जाणता विकसक तपासतो, चुका काढून परत पाठवतो, आणि बरं झालं की स्वतःच्या जबाबदारीवर चढवतो. असं पुष्कळदा झालं की तो लिहून देतो, हिला आता सोबत नको. मग ठरावीक पॅकेजांपुरता तिला स्वतःचा हक्क मिळतो. ही पायरी २००७ मध्ये आली. त्यापुढे पूर्ण विकसक आणि मताचा अधिकार. त्याआधी कामावर आणि १९९७ च्या सामाजिक करारावर प्रश्न विचारतात. पदवीची अट नाही. भाषांतर, लेखन करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्य मानायचं, हे २०१० मध्ये मतदानाने ठरलं.

विश्वास मिळवून घात करणारेही असतात. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनात चोरदार सापडलं. ते सांभाळणारा माणूस एकटा, बिनपगारी, थकलेला. अनोळखी लोक त्याला टोचत राहिले, तू फार हळू आहेस, दुसऱ्याला दे. दोनेक वर्षं खरोखर उपयोगी काम करून एकाने त्याचा विश्वास मिळवला आणि मग चोरदार ठेवलं. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्तीत ते पोचलंही होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असं जाणवलं, म्हणून पकडलं गेलं. मला आपल्या गटांतली एकटीच वही ओढणारी बाई आठवली. सगळं तिच्यावर टाकून आपण मोकळ्या, आणि उशीर झाला की बोलही तिलाच.

‘डेबियन विमेन’ हा गट २००४ मध्ये निघाला. तेव्हा विकसकांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे आपल्याच देशातली श्रुती चंद्रन, शिक्षणाने ग्रंथपाल, पॅकेज बांधायला शिकली, विकसक झाली आणि २०२० मध्ये प्रकल्पप्रमुखाच्या निवडणुकीला उभी राहिली. त्या खेपेस निवडून आली नाही, पण उभी राहिली.

आता आपल्या घरची गोष्ट. आमच्या कामातली एक मुलगी, माहेर अमळनेरकडे, सासर धुळ्यात. वर्षभर रात्री सगळं आवरून ती दोन लहान पॅकेजं सांभाळते आहे. आता ओळख पटवायची वेळ आली. प्रत्येकीची एक संगणकीय किल्ली असते, तिने सही केल्याशिवाय काही चढत नाही. ही किल्ली हिचीच, असं आधीच्या विकसकाने भेटून, ओळखपत्र पाहून सांगायचं, ही जुनी रीत. सोबत काम केलेल्याची लेखी साक्षही २०२० पासून, करोनाच्या काळात, धरू लागले; पण तिला भेटायलाच जायचं आहे. अडचण नावाची. पदवीच्या कागदावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, आणि सासरी हाक मारतात ते तिसरंच!

सासूबाईंनी मला विचारलं, “ताई, पगार नाही, मग रात्रीचं परगावी कशाला?” प्रश्न चुकीचा नाही. घरात एवढं फुकटचं काम असताना बाईने आणखी एक का घ्यावं? मी अडखळले. नंतर त्या मुलीने मला पॅकेजातली बदलांची नोंदवही उघडून दाखवली. प्रत्येक बदलाखाली तारीख आणि तिचं नाव. तीस वर्षं सासूबाईंनी भाकरी थापल्या, त्याखाली कोणाची सही आहे? हे मी त्यांना जाऊन सांगितलं. त्या हसल्या, “हो” मात्र अजून म्हणाल्या नाहीत.

किल्लीवर तिने लग्नाआधीचं नाव घातलं आहे. पुढच्या महिन्यात पुण्याला जाताना पदवीचा कागद, आधार आणि लग्नाचा दाखला तिन्ही बरोबर नेणार आहे. धुळ्याहून रात्रीची बस आहे. सोबत दोघीजणी हव्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे नावं द्या.