चिंचेची तालीम

पुण्याच्या पेठांतून हिंडतांना नांवांवरून इतिहास ओळखण्याची ज्यास संवय आहे, त्यास शुक्रवार पेठेंतील ‘चिंचेची तालीम’ हें नांव क्षणभर थांबवितें. तालमीस बहुधा वस्तादाचें नांव असतें. हिला झाडाचें आहे. तिची स्थापना १७८३ सालची सांगतात. त्या वेळीं शनिवारवाड्यांत सवाई माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते, कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता आणि साल्बाईच्या तहास वर्ष उलटलें होतें. पुढें तो दरबार गेला, खुद्द वाडाहि १८२८ सालीं जळाला. तालीम राहिली.

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी व त्याचा अर्थ शिक्षण. महाराष्ट्रानें तो पाटी-पुस्तकांस न लावतां तांबड्या मातीस लावला, यांत एक प्रकारचा शहाणपणा आहे.

तालीम जतन करणें म्हणजे केवळ इमारत जतन करणें नव्हे. भिंतीस गिलावा करतां येतो, कौलें बदलतां येतात. हौद्यांतील माती मात्र रोज खणल्यावांचून जिवंत राहत नाहीं. ती चाळून घ्यावयाची, तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस व कापूर मिसळावयाचा, आणि मग कुदळीनें उकरून भुसभुशीत ठेवावयाची. चार दिवस दुर्लक्ष झालें कीं ती घट्ट बसते व तिच्यावर पडणाऱ्याचे खांदे सोलून निघतात. हें काम नोकराचें नव्हे, पठ्ठ्यांचें. घरीं पाण्याचा तांब्या उचलावयास कुरकुरणारा मुलगा वस्तादासमोर मुकाट्यानें कुदळ हातीं घेतो, हा चमत्कार कित्येक मातांनीं पाहिला असेल. जोर-बैठका त्यानंतर.

पेशवाईंत मल्लविद्येस दरबारचा आश्रय होता. मल्लखांबाचे आचार्य बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावांचे शिक्षक. १८१८ नंतर तो आश्रय तुटला आणि तालमी पेठांतील लोकांच्याच पदरीं आल्या. त्याच काळांत लहुजी वस्ताद साळवे यांचें नांव पुण्यांत गाजूं लागलें. १७९४ सालीं जन्मलेले लहुजी जातीनें मांग. शहरांतील किती वाड्यांनीं त्यांस उंबरठा ओलांडूं दिला असता? परंतु जोतीराव फुले त्यांच्याच तालमींत दांडपट्टा व नेमबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडकेहि त्यांचेच शिष्य. पुस्तकी विद्या दुरून सांगतां येते. कुस्तीचा पेंच किंवा पट्ट्याचा हात शिष्याचें मनगट धरल्यावांचून शिकवितां येत नाहीं. ज्याचा स्पर्श समाज टाळीत होता, त्याच्याकडून विद्या घ्यावयाची तर स्पर्श पत्करावाच लागे. प्रत्येक तालीम इतकी मोकळ्या मनाची होती असें म्हणणें खोटें होईल. पण एक होती, आणि तिच्यांतून जीं माणसें निघालीं तीं लहान नव्हतीं. लहुजी १८८१ सालीं वारले.

याच्या जोडीस गुरुजी तालमीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिचा गणपति १८८७ पासूनचा, म्हणजे लोकमान्यांनीं सार्वजनिक उत्सवास चालना देण्यापूर्वींचा. त्याच्या स्थापनेंत शिंदे हें हिंदु व नालबन हें मुसलमान, अशीं दोन घराणीं एकत्र आलीं होतीं. आज तो मानाचा तिसरा गणपति म्हणून सर्व शहरास ठाऊक आहे. परंतु ज्या तालमीचें त्यास नांव मिळालें ती तालीमच आतां उरलेली नाहीं. दर वर्षीं विसर्जनाच्या मिरवणुकींत तिचें नांव लाखों लोक उच्चारतात, आणि हौदा कोठें होता हें सांगणारा विरळा.

आतां मातीचा प्रतिस्पर्धी माती नसून गादी आहे. १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधवांनीं कांस्यपदक मिळविलें तें गादीवर. जागतिक सामने सर्व तिच्यावरच होतात. १९६१ पासून चालू असलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेनें माती व गादी असे दोन विभाग ठेवून दोन्हीं विभागांच्या विजेत्यांची शेवटीं गांठ घातली, ही तडजोड समंजसपणाची म्हणावी लागेल. जगांत जावयाचें असलेल्या मुलास गादी नाकारणें हा त्याच्यावर अन्याय होय.

तरी गादी गुंडाळून ठेवतां येते व हवी तेव्हां पसरतां येते. माती पहांटेच खणावी लागते, आणि त्या वेळीं पेठेंतील बहुतेक मुलें निजलेलीं असतात.