टाकी कुठे भरायची?

(२०२५ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गणपतीत पेट्रोलवर भाषण म्हटल्यावर कार्यवाह जरा बिचकले होते. दरवर्षी या जागेवर संतवाङ्मय असतं, नाही तर गुडघेदुखी. पण आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन आपण सगळे बोलतो काय? भाव! म्हणून म्हटलं, एकदा तेच नीट बोलू.

बोलणारा एक असला तरी ‘आम्ही’ म्हणजे शाहपुरा तलावाकाठी रोज सकाळी फिरणारे चौघं. एक ‘भेल’मधून निवृत्त, एक बँकेतले, एक शिक्षक, आणि एक वल्लभ भवनात आयुष्यभर हिशेब तपासलेले. आमच्यापैकी दोघांचे वडील १९५६ साली सचिवालयाबरोबर नागपूरहून इथे आले. तेव्हापासून आपल्या घरांत एक सवय मुरलेली आहे. प्रवासाला निघताना आधी विचार यायचा तो डब्याचा, आणि आता दुसरा येतो तो टाकी कुठे भरायची याचा.

२०२५ च्या या गणेशोत्सवात भोपाळमध्ये पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या वर आहे. उत्तर प्रदेशात शिरलात की ९५ च्या आसपास. पश्चिमेला झाबुआ ओलांडून गुजरातेत दाहोदला गेलात तरी तसंच. म्हणजे लिटरमागे ११-१२ रुपयांचा फरक. नागपूरला जाणाऱ्यांना तेवढा लाभ नाही. पांढुर्णा सोडून सावनेरच्या बाजूला गेलात तर दोन-अडीच रुपये सुटतात. तेवढ्याचा चहासुद्धा येत नाही. तरीही आपल्यातले किती जण बैतूलला काटा बघून ‘पुढे भरू’ म्हणतात, त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा.

पेट्रोल तेच, कंपन्या त्याच, मग हा फरक कुठून येतो? आमच्या हिशेबनीस मित्रांनी एका सकाळी बाकावर बसून वहीच्या पाठच्या पानावर हे मांडून दाखवलं. मूळ किंमत आणि पंपवाल्याचं कमिशन मिळून लिटरला साधारण ५८ रुपये. त्यावर केंद्राचं २०२५ मधलं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. हे आपल्याला आणि झाशीवाल्याला सारखंच. झाले ८०. आता आपलं राज्य या ८० वर २९ टक्के व्हॅट लावतं, वर लिटरला अडीच रुपये, आणि १ टक्का उपकर. असे २६ च्या वर जातात. उत्तर प्रदेशात व्हॅट १९.३६ टक्के किंवा लिटरला १४ रुपये ८५ पैसे, यातलं जे जास्त असेल ते. संपला हिशेब. आकडे ढोबळ आहेत, पण पावती घेऊन ताडून बघा.

यात एक गंमत लक्षात घ्या. टक्केवारी लागते ती केंद्राचं शुल्क धरून झालेल्या रकमेवर. म्हणजे करावर कर. केंद्रानं एक रुपया वाढवला की आपल्याकडे तो सव्वा रुपयाच्याही वर जाऊन पडतो. उलटही खरं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, ऐन दिवाळीत, केंद्रानं पाच रुपये कमी केले. त्यानंतर आपल्या राज्यानंही ३३ टक्क्यांचा व्हॅट २९ वर आणला, साडेचारचे अडीच केले. पुढे मे २०२२ मध्ये केंद्रानं आणखी आठ रुपये कमी केले. तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

त्या आधीचा फेब्रुवारी २०२१ आठवतो? प्रीमियम पेट्रोल शंभरावर गेलं आणि भोपाळातल्या काही पंपांवर त्याची विक्रीच थांबवावी लागली. कारण पैसे नव्हे. जुन्या यंत्रांवर दशांशचिन्हाच्या आधी दोनच आकडे बसत होते! ज्यांनी ती यंत्रं बनवली, त्यांच्या स्वप्नातही शंभर आले नसणार. एक तरुण तर पंपावर हेल्मेट घालून, शतक ठोकल्यासारखी बॅट उंचावून उभा राहिला होता. तो फोटो देशभर फिरला. तो पंप आपल्याच गावातला.

आता आमची फजिती सांगतो. ती सांगायला हिशेबनीस मित्रांची परवानगी घेतली आहे, म्हणजे त्यांनी ‘नाव घेऊ नका’ एवढंच म्हटलं आहे.

यंदा जानेवारीत आम्ही चौघं आणि आमच्यातल्या एकांच्या घरच्या वहिनी, असे पाच जण गाडीनं झाशीला निघालो. झाशीचं गणेश मंदिर बघायचं फार दिवसांचं मनात होतं. १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांचं आणि मनकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं ते त्या मंदिरात. भोपाळहून सागर, तिथून बांदरी, मालथौन, मग ललितपूर जिल्हा लागतो, म्हणजे उत्तर प्रदेश. सागरला चहाला थांबलो तेव्हा काटा खाली आलेला होता. समोर पंप होता. मित्र म्हणाले, “ललितपूरला भरू. चाळीस लिटरमागे चारशे चाळीस रुपये. सगळ्यांचं जेवण निघेल त्यात.”

बांदरीपर्यंत दिवा लागला. ‘दिवा लागल्यावरसुद्धा चाळीस किलोमीटर जाते,’ असं कुणीतरी म्हणालं. गाडीत कुणीतरी हे म्हणतंच. आणखी दोन पंप मागे टाकले. मालथौन यायच्या आधी गाडीनं दोन आचके दिले आणि थांबली. संध्याकाळचे साडेसहा, थंडी, शेजारून ट्रक सुसाट जाताहेत. वहिनींना मधुमेह आहे, जेवणाची वेळ पाळावी लागते. डब्यातल्या दशम्या दुपारीच संपल्या होत्या. पाऊण तास त्या काच वर करून मागच्या सीटवर बसून होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत. घाम फुटतोय एवढंच म्हणाल्या, आणि ते ऐकून आम्हाला घाम फुटला. पाकिटात दोन पेढे सापडले, ते त्यांना दिले.

शेवटी एक स्कूटरवाला थांबला. काय झालं ते ऐकून हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मागे जाऊन दोन लिटर पेट्रोल घेऊन आला. आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्यानं पेट्रोलचे मोजून पैसे घेतले, जाण्या-येण्याचेसुद्धा घेईना. बँकेतल्या मित्रांनी सहज विचारलं, “आप लोग तो यू. पी. से ही भराते होंगे?” तो म्हणाला, “हम तो सौ का डलवाते हैं साहब, रोज. सौ का डलवाने उधर कौन जाए?”

ते वाक्य आम्हा चौघांच्या डोक्यात राहिलं. ललितपूरला स्वस्त पेट्रोल भरलं. पंपावरच्या मुलानं आमची नंबर प्लेट बघून न विचारताच “फुल?” म्हटलं. एरवी मजा वाटली असती. झाशीत मुक्कामी पोचल्यावर, वहिनी जेवून झोपल्यावर, पुन्हा वही निघाली.

समजा स्वस्ताचा पंप तुमच्यापासून वीस किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चाळीस. स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी रुपयांचं पेट्रोल जाळायचं. टाकी पाच लिटरची; पूर्ण भरली तरी सुटणार पंचावन्न. म्हणजे तीस रुपये खड्ड्यात, आणि एका वेळी पाच लिटरचे पैसे खिशात हवेत ते वेगळंच. मोटारीचं काय? चाळीस किलोमीटरला अडीचशे रुपये जळतील, पण चाळीस लिटरवर चारशे चाळीस सुटतील. निव्वळ लाभ दोनशेच्या आत-बाहेर. आता ट्रक घ्या. डिझेलमध्ये फरक लिटरला चारच रुपये, पण टाकी तीनशे लिटरची आणि रस्ता तसाही तिकडूनच जाणारा. एका फेरीला बाराशे. तो आपल्या राज्यात काटा खाली येऊच देत नाही. म्हणून सीमेवरच्या आपल्या पंपवाल्यांची ओरड असते, आणि ती खोटी नाही. त्यांच्या दारावरून गिऱ्हाईक हॉर्न वाजवत पुढे जातं.

म्हणजे जास्त कर सगळ्यांना सारखा लागतो म्हणतात, तो कागदावर. ज्याची टाकी मोठी त्याला पळवाट आहे. दूधवाला, शिकवणीला जाणारी मुलगी, एम. पी. नगरात सामान पोचवणारा पोरगा, हे सगळे शंभराचं पेट्रोल टाकणारे. हा कर खरा भरतात ते हे लोक. आणि आम्ही, पेन्शनीतले, मोटारवाले, कर चुकवल्याचा आनंद मानत झाशीला जातो आणि परत येऊन मंडळाच्या बैठकीत कोलार रोडच्या खड्ड्यांवर तावातावानं बोलतो. ते खड्डे कशातून बुजायचे असतात?

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. २०१२ साली गोव्यात मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, लिटरला अकरा रुपयांनी भाव उतरला. सावंतवाडी-बांद्याकडच्या गाड्यांच्या पत्रादेवीला रांगा. पुढे तिथलाही कर टप्प्याटप्प्यानं वाढला. बिहारचे लोक रक्सौलहून नेपाळात शिरून टाकी भरून येतात. युरोपात लक्झेंबर्ग नावाचा चिमुकला देश आहे, शेजारच्या देशांतले वाहनचालक वर्षानुवर्षं तिथे पेट्रोल भरायला जातात. माणूस सगळीकडे सारखाच.

मग राज्य कर का कमी करत नाही? वल्लभ भवनात आयुष्य गेलेले मित्र इथे जरा सरकारच्या बाजूनं बोलतात, त्यांना बोलू द्यावं. २०१७ मध्ये जीएसटी आला. पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर ठेवलं. राज्याच्या हातात स्वतःचा म्हणावा असा दर फार थोड्या गोष्टींवर उरला: हे इंधन, दारू, मुद्रांक शुल्क, गाड्यांवरचा कर. केंद्राच्या २१ रुपये ९० पैशांतलं मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे, आणि राज्यांना वाटा मिळतो तो तेवढ्यातूनच. बाकी सगळं अधिभार आणि उपकर; ते वाटपात येत नाहीत. यंदा एप्रिलमध्ये केंद्रानं दोन रुपये वाढवले, तेही त्याच खात्यात. कच्चं तेल उतरलेलं असल्यानं पंपावर भाव हलला नाही, म्हणून आपल्याला कळलंसुद्धा नाही. भाव कमी झाला असता, तो झाला नाही, एवढंच. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौला जीएसटी परिषदेत पेट्रोलचा विषय निघाला होता, ‘आता ती वेळ नाही’ म्हणून बाजूला ठेवला. केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे, आणि नळी आपल्या टाकीत.

आणि एक गोष्ट आमच्या घरातली. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या खात्यात २०२५ च्या या गणेशोत्सवापर्यंत दर महिन्याला ‘लाडली बहना’चे १२५० रुपये येत आले आहेत. त्यांनी त्यातून मुलीला शिलाई मशीन घेतलं. त्यांचा मुलगा मोटरसायकलवर सामान पोचवतो, दिवसाला दोन लिटर तरी जाळतो. दोन लिटरमागे राज्याचे बावन्न-त्रेपन्न रुपये. महिन्याला पंचवीस दिवस धरा, तेराशेच्या वर होतात. हे गणित आम्ही त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होत्या त्या?

आमचं म्हणणं इतकंच आहे की जवळच्या दोन राज्यांत लिटरला अकरा-बारा रुपयांचं अंतर असू नये. चार-पाच असलं तर कुणी काटा बघत बसणार नाही, ट्रक इथेच भरतील, आणि कमी दरानं जास्त विक्री होऊन राज्याचं फार बुडणारही नाही. निदान सीमेवरच्या जिल्ह्यांत तरी. यावर आमच्यात मतभेद आहेत. हिशेबनीस म्हणतात, डिझेलवर करून बघा, पेट्रोलवर खात्री नाही. असू देत.

जाता जाता एक विनंती. काही जण तिकडून येताना कॅन भरून आणतात आणि घरात जिन्याखाली ठेवतात. कृपा करून हे करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, थंडीतसुद्धा पेट घेते. साठवलेल्या वस्तूतून काय बाहेर पडू शकतं, हे या गावाला कुणी सांगायला नको. चारशे रुपयांसाठी तर नकोच.

बाकी, मार्गशीर्षात पुन्हा झाशीला जायचं घाटतंय. घाईत मंदिर नीट बघायचं राहिलंच. सागरला अर्धी टाकी भरायची, यावर आमच्यातल्या तिघांचं एकमत झालं आहे. वहिनींची अट म्हणजे डब्यात दशम्या दुप्पट. चौथे अजून हिशेब करताहेत.