‘नको’मागचं कारण विचारा

बारावीनंतर मला सांगलीहून साताऱ्याला शिकायला जायचं होतं. अब्बांना माझं लग्न उरकायचं होतं. महिनाभर अबोला. शेवटी मीच विचारलं, “अब्बा, नेमकी भीती कशाची वाटते?” ते म्हणाले, “खर्च झेपणार नाही, बेटा.” मग मी त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेची ‘कमवा आणि शिका’ योजना समजावली. काम करून माझा खर्च उचलीन, रोज रात्री फोन करीन, हा माझा शब्द. लग्नाचा विषय पदवीनंतर, हा त्यांचा. दोघांनीही पाळला. घरात वाद झाला तर आधी ‘नको’मागचं कारण विचारा, मग आपण काय द्यायला तयार आहोत, तेही सांगा.