सगळ्याला 'रोग' म्हणणे महागात पडते
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पऱ्हाटी लाल पडली की आपण म्हणतो, 'रोग आला'. झाडाने मान टाकली, 'रोग आला'. बोंडात अळी निघाली तरी 'रोग आला'. मग दुकानात जायचे आणि 'औषध द्या' म्हणायचे. नुकसानीला नाव एकच ठेवले, की खर्च चुकतो. आज एवढेच बोलायचे आहे.

कीड म्हणजे पीक खाणारा, रस शोषणारा जीव. बोंडअळी, तुडतुडे, ज्वारीची खोडमाशी या किडी. रोग होतो तो बुरशी, जिवाणू, विषाणूमुळे. कपाशीचा दहिया, ज्वारीची काणी हे बुरशीचे रोग. दाणे काणी बियाण्यातून येते. कणीस काळे पडल्यावर फवारून काय होणार? पेरणीआधी किलोला ४ ग्रॅम गंधक चोळले, तर काम होते.

तिसरा शब्द विकृती. इथे कीड नाही, बुरशीही नाही. झाड उपाशी असते, नाहीतर पाण्याने हैराण असते.

लाल्या ही विकृती. बोंडे भरताना नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडते, रात्री गार होतात, पान लाल होते. पण तुडतुड्यांनी रस शोषला तरी पानाच्या कडा लाल होतात. म्हणून पान उलटून पाहू. तिरपे पळणारे हिरवट तुडतुडे पुष्कळ दिसले, तर कीड. नाही दिसले, तर झाड भुकेले आहे. भुकेल्याला विष पाजून पोट भरत नाही. तिथे १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट आणि २ टक्के युरियाची फवारणी लागते.

मर दोन तऱ्हेची. मोठ्या उघाडीनंतर जोराचा पाऊस झाला आणि एक-दोन दिवसांत झाडे सुकली, तर ती आकस्मिक मर, विकृती. साचलेले पाणी आधी काढून द्यावे. बुरशीची मर सावकाश येते. खोड चिरले तर आत तपकिरी रेषा दिसतात.

राहिला शब्द 'औषध'. औषध माणूस बरा करायला देतात. आपल्या पंपात असते ते विष. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन आपले शेतकरी, शेतमजूर गेले. कपाशीचा रोग म्हणून कुणी मेले नाही, मेले ते विषाने.

तेव्हा आधी पान उलटू, खोड चिरू, नाव ठरवू. मगच खिशात हात घालू.