अडीच फुटांचे नऊ मिलिमीटर



ज्यांची हयात मोर्चे आणि वाटाघाटी यांत गेली, त्यांनी छोट्या रेल्वेवर बोलावे याचे काहींना हसू येत असेल. आम्हीही प्रथम हसलोच होतो. शाळा चौथीत सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले; छंद ही पोट भरलेल्यांची चीज, असे आम्ही मानत होतो.

आमचे मत एका मुलाने बदलले. त्याचे आजोबा बार्शी लाइटवर गँगमन. ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअराने १८९७ साली सुरू केली; रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. २००० नंतर हे मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाले. ते व्हायलाच हवे होते. पण नातवाने विचारले, "आजोबा, तुम्ही काय काम करत होता?" तेव्हा दाखवायला जुना रूळच उरला नव्हता. म्हणून आम्ही तो करायला बसलो.

हिशेब सोपा आहे. ७६२ ला ८७ ने भागा. पावणेनऊ मिलिमीटर येतात. १:१६० या एन प्रमाणाच्या गाड्या ९ मिलिमीटर रुळावर धावतात. तेव्हा चाके आणि मोटर एनची घ्यावी, वरचे इंजिन व डबे मात्र १:८७ या प्रमाणात करावे. युरोपात याला एचओई म्हणतात, अमेरिकेत एचओएन३०.

सुरुवातीला चार फूट बाय दोन फूट प्लायवूड पुरे. नऊ इंच त्रिज्येचे वळण त्यात बसते. एक लंबगोल, एक सांधा, एक स्टेशन. अधिक हाव धरू नये. इंजिन आधी पुठ्ठ्याचे करून पाहावे. चुकले तर पुठ्ठाच वाया जातो. वीज बारा व्होल्टची. आणि रूळ रोज पुसावा, कारण गाडी अडते ती बहुधा धुळीने.

आम्ही पहिल्यांदा एनचाच रूळ टाकला. आजोबा वाकून पाहत म्हणाले, "हे स्लीपर आमचे नव्हेत. आमचे जाड होते आणि दूर दूर होते." त्यांचे बरोबर होते, ते स्लीपर १:१६० चे. सगळा रूळ उखडला. तुम्ही ९ मिलिमीटरचाच, पण नॅरोगेज नमुन्याचा रूळ घ्या, म्हणजे आमची ही चूक टळेल.

शेवटी आजोबांनी एकच मागणे केले. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात १९ मिलिमीटरचा होतो. असा एक माणूस, खांद्यावर हातोडा घेतलेला, त्यांनी रुळाकडेला उभा करवला. नातवाने विचारले, "हा कोण?" म्हातारा म्हणाला, "मी."

मित्रहो, गाडी जरूर करा. पण तिच्या वाटेवर राबणारा माणूस विसरू नका.