परिचर्या महाविद्यालय काढण्यापूर्वी

(आरोग्यक्षेत्रात कार्यरत असलेल्या संस्थांच्या विश्वस्तांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्यापैकी अनेक संस्थांचे स्वतःचे रुग्णालय आहे, थोडीफार जागा आहे, आणि आता परिचर्या महाविद्यालय काढावे असा विचार विश्वस्त मंडळांत चालू आहे. विचार स्तुत्यच आहे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. परिचर्येचे पदवी शिक्षणही आपल्याकडे त्याच वर्षी, दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. तिथून आपण बराच पल्ला गाठला असला, तरी चांगल्या परिचारिकेची गरज कोणत्याही रुग्णालयाला विचारा, उत्तर एकच येईल.

प्रश्न आहे तो परवानगीचा. विश्वस्त मंडळी मला विचारतात, ‘मान्यता कुठून मिळते?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, कारण दारे अनेक आहेत. राज्य शासनाची अनुमती हवी. पदवी अभ्यासक्रम असेल तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता हवी. पदविकेसाठी राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आहे. परिचारिकांची नोंदणी करणारी महाराष्ट्र परिचर्या परिषद वेगळी, ती १९६६ च्या कायद्याखालील. आणि या सर्वांच्या वर, देशभर शिक्षणाचा दर्जा एकसारखा राहावा म्हणून १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद.

यातील एक बारकावा नीट ध्यानात घ्यावा. १९४७ चा कायदा मुळात इमारतींना मान्यता देण्यासाठी झालेला नव्हता. तो अर्हतांच्या, म्हणजे पदवी-पदविकांच्या मान्यतेसाठी झाला. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाने राज्यातील परवानग्या मिळवल्या, पण केंद्रीय परिषदेचे निकष पूर्ण केले नाहीत, तर त्याचे फळ संस्थाचालकाला भोगावे लागत नाही. ते भोगते ती मुलगी. चार वर्षे शिकून, शुल्क भरून ती दुसऱ्या राज्यात नोकरीला जाते आणि तेथील परिषदेत नोंदणीच्या वेळी तिला कळते की आपली पदवी इथे अडली आहे. बापाने शेतीवर कर्ज काढलेले असते. त्याला परिषद कोणती आणि विद्यापीठ कोणते, याचा पत्ताही नसतो.

निकषांत सर्वांत महत्त्वाचा निकष रुग्णालयाचा. बी.एस्सी. नर्सिंगसाठी संस्थेचे स्वतःचे, किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे अशी अपेक्षा आहे. आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण सांभाळायचे असते. आता गणित करा. शंभर खाटा असल्या तरी त्या भरलेल्या आहेत का? बाळंतपणाचा अनुभव, मानसोपचार, बालरुग्ण विभाग, गावातील आरोग्य केंद्र – हे सगळे एका मध्यम रुग्णालयात मिळत नाही, म्हणून अन्य रुग्णालयांशी करार करावे लागतात. कागदावर करार करणे सोपे. मुलींना तिथे रोज नेणारी गाडी, सोबत जाणारी अध्यापिका आणि तिथल्या परिसेविकेने त्यांना हात लावून शिकू देणे, हे अवघड. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि अनुभवी, पदव्युत्तर पदवी असलेले प्राचार्य हीही अट आहे. आमच्याकडे इमारत आधी बांधतात आणि प्राचार्य जाहिरात देऊन शोधतात. क्रम उलटा आहे.

तपासणी हा या व्यवस्थेचा कणा, आणि तोच मोडला तर काय होते ते मध्य प्रदेशात दिसले. तेथील परिचर्या महाविद्यालयांच्या मान्यतांविषयी उच्च न्यायालयात याचिका आल्या, न्यायालयाने केंद्रीय अन्वेषण विभागाला तपासणी सांगितली. ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली आणि ६५ अयोग्य, असा अहवाल २०२४ च्या आरंभी समोर आला. पुढे मे २०२४ मध्ये त्याच विभागाच्या अधिकाऱ्यांना लाच घेऊन अनुकूल अहवाल दिल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि ‘योग्य’ ठरलेल्या महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. दरम्यान हजारो मुलामुलींच्या परीक्षा रखडल्या. ज्या मुलांचा यात काडीमात्र दोष नव्हता, त्यांच्या वयाची वर्षे गेली.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संमत केला. १९४७ च्या परिषदेची जागा आयोगाने घ्यावी, शिक्षण, मूल्यमापन व श्रेणीकरण, आणि नीती व नोंदणी यांसाठी स्वतंत्र मंडळे असावीत, अशी त्याची रचना आहे. नव्या संस्थेला परवानगी देण्याचे काम मूल्यमापन मंडळाकडे सोपवलेले आहे, म्हणजे एका दाराची कल्पना निदान कायद्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली, १,५७० कोटी रुपये खर्चाची. मला ही योजना पटते ती आकड्यामुळे नव्हे. रुग्णालय आधी उभे आहे आणि महाविद्यालय मागून येते, या क्रमामुळे.

आपल्या संस्थांनी अर्ज करण्याआधी वर्षभर एक नोंदवही ठेवावी. रोज किती खाटा भरल्या, किती प्रसूती झाल्या, रात्रपाळीला किती परिचारिका होत्या. ती वही विश्वस्तांच्या बैठकीत वाचावी. तीस-चाळीस रुग्णांवरच वर्ष निघाले असेल, तर साठ मुलींच्या पदवी महाविद्यालयाचा अर्ज बाजूला ठेवून आधी रुग्णालयच वाढवावे, आणि प्रवेश पुस्तिका छापण्याचा खर्च त्यातच घालावा.